इब्री स्तोत्रे आणि ज्ञानवाङ्मय : वारकऱ्यांसाठी एक पाठ

ह्या महिन्याचा पाठ थोडा निराळा आहे. नेहमी आपण एखादा अभंग घेतो, त्याचे पद सोडवतो, प्रमाणे देतो आणि सिद्धांतावर येतो. ह्या खेपेस आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आपल्या शेजारी पिढ्यान् पिढ्या गाइल्या जाणाऱ्या एका प्राचीन स्तोत्रवाङ्मयाची ओळख करून घ्यायची आहे. ते वाङ्मय इब्री भाषेचे, म्हणजे हिब्रूचे; आणि ते जपणारे आपले शेजारी म्हणजे बेने इस्राएल.

कोणी विचारील, "महाराज, आपला हरिपाठ सोडून हे परके पाठांतर कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, शेजाऱ्याच्या घरी दिवा कसा लावतात हे पाहिल्याने आपला दिवा विझत नाही, उलट आपली वात किती आत गेली आहे ते कळते. दुसरे असे की, ह्या लोकांनी आपल्या धर्मकथा सांगायला एके काळी आपल्याच कीर्तनाचा साज उचलला. ज्यांनी आपली वीणा हाती घेतली, त्यांचे गाणे काय होते हे आपण ऐकू नये काय?

हे शेजारी कोण?

कुलाबा, म्हणजे आताचा रायगड जिल्हा. अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी एक गलबत तिथल्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचा वंश कोकणच्या गावोगाव पसरला. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा झाला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा त्यांचा नेम असल्यामुळे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावे पाहा: किहीमचे किहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर. भाषा मराठी, लुगडे मराठी, जेवणात नारळ आणि भात. सणांनासुद्धा नावे कशी पडली? नव्याचा सण, खिरीचा सण! ग्रंथ नव्हते, पंडित नव्हते, अशा शतकांत त्यांनी काय सांभाळले? शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम, आणि ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे 'शमा' नावाचे एक लहानसे वचन. एवढ्या शिदोरीवर एक समाज टिकला. नाममात्र शिदोरीवर माणूस टिकतो, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. मराठीत ते लोक त्याला 'मशीद'च म्हणत. ठाण्यात टेंभी नाक्यापासून जवळच असलेले 'शार हशामायिम' हे मंदिर १८७९ सालचे. त्या नावाचा अर्थ 'स्वर्गाचे द्वार'. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. तरी ठाण्यात हा समाज आजही नांदतो आहे आणि त्या मंदिरात आजही प्रार्थना होते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्यांच्यात एलियाहू हन्नाबी ह्या संदेष्ट्याच्या स्मरणार्थ 'मलिदा' करतात: ताटात गोड पोहे, खवलेले खोबरे आणि फळे. ते ताट पाहून आपल्या कोणाही माउलीला परके वाटणार नाही.

आता कीर्तनाचे सांगतो. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईत इस्राएली कीर्तनाचा पाया घातला. अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची आख्याने मराठीत लावली. साकी, दिंडी, आर्या, पद असा सगळा हरिदासी थाट. हे आपले एकाच अभंगावर उभे राहणारे वारकरी कीर्तन नव्हे, तर नारदीय पद्धतीचे आख्यान. परंतु टाळ वाजला मराठी, आणि कथा चालली इब्री! त्याच्याही आधी, १६१६ साली गोव्याकडे थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्याने 'क्रिस्तपुराण' छापले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी पहिला भाग ह्याच इब्री कथांचा आहे. १८३२ साली जॉन विल्सन ह्यांनी इब्रीचे व्याकरण मराठीत लिहिले, आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) ह्या बेने इस्राएल पंडिताने प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी तर संस्कृताचे सगळे अध्ययन पाठीशी असताना उतारवयात इब्री व ग्रीक शिकून बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. तेव्हा मंडळी, ही ओळख आजची नव्हे.

स्तोत्रांची घडण

इब्री धर्मग्रंथाचे तीन भाग आहेत: तोरा, म्हणजे शिकवण किंवा धर्मशास्त्र, नेवीईम, म्हणजे संदेष्टे, आणि केतुवीम, म्हणजे इतर लेख. स्तोत्रे व ज्ञानग्रंथ ह्या तिसऱ्या भागात येतात. स्तोत्रांच्या संग्रहाला ते 'तेहिलीम' म्हणतात, अर्थ 'स्तवने'; मराठी भाषांतरात 'स्तोत्रसंहिता' असे नाव आहे. एकंदर १५० स्तोत्रे, पाच पुस्तकांत वाटलेली.

आपल्या अभंगाचा प्राण यमकात आहे. तेथे नियमाचे यमक नाही. मग ते काव्य कसे? १७५३ साली रॉबर्ट लोथ नावाच्या इंग्रज पंडिताने ह्याचा उलगडा आपल्या व्याख्यानग्रंथात केला. त्या कवितेत अक्षरांचे यमक नाही, अर्थाचे यमक आहे. पहिल्या चरणात जे म्हटले, त्याचा पडसाद दुसऱ्या चरणात उमटतो. ह्याचे तीन प्रकार त्यांनी सांगितले. माझीच साधी उदाहरणे देतो. घागर भरली म्हणून दुसऱ्या चरणात कळशी ओसंडली म्हटले, तर तो समान अर्थाचा पडसाद. शहाणा पेरणीआधी नांगर तपासतो आणि आळशी पेरणीनंतर, असे म्हटले तर तो विरोधी अर्थाचा. आणि वाटसरूला तहान लागली, म्हणून तो गावाची दिशा धरून चालू लागला, असे म्हटले तर दुसरा चरण पहिल्याला पुढे नेतो. संस्कृतज्ञ म्हणतील, हा तर अर्थालंकार झाला. होय, पण तेथे तो अलंकार नसून छंदाची जागा घेतो. ह्याचा एक फायदा बरं का: यमक भाषांतरात मरते, अर्थाचा पडसाद मरत नाही. म्हणूनच ही स्तोत्रे मराठीत आली तरी त्यांचा झोका जाणवतो.

आणखी काही खुणा पाहा. एकशे एकोणिसावे स्तोत्र हे सर्वांत मोठे. इब्री वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षराने आरंभ होणाऱ्या आठ-आठ ओळी, मिळून १७६ ओळी झाल्या. पाठांतराला ही केवढी सोय! एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात २६ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीचा उत्तरार्ध तोच, ईश्वराची दया अखंड आहे ह्या आशयाचा. एकाने म्हणावे आणि समुदायाने झेलावे, अशी ती रचना. ध्रुपद आणि टाळकरी डोळ्यांसमोर आले ना?

आपल्याकडे अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. तेथे नाव आरंभीच्या मथळ्यात येते. ७३ स्तोत्रांवर दावीद राजाचे नाव आहे, १२ स्तोत्रांवर आसाफाचे. काही स्तोत्रे कोरहाच्या वंशजांची म्हणून दिलेली आहेत. हा कोरह मोशेविरुद्ध उठला आणि जमिनीने त्याला गिळले अशी कथा आहे. पण त्याचे वंशज पुढे मंदिराचे गायक झाले. बंडखोराचे कूळ गाऊ लागले! दावीदाच्या नावावरची सगळीच स्तोत्रे त्याच्या हातची असतील असे आजचे अभ्यासक मानीत नाहीत. नामदेवरायांच्या गाथ्यात विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, हे आपल्याला ठाऊक आहेच. थोर नावाच्या सावलीत भक्त आपले गाणे ठेवून जातो. त्याला लबाडी म्हणू नये.

पाठ जपण्याची त्यांची रीत वैदिकांना आवडेल अशी आहे. मूळ लिपीत व्यंजनेच लिहीत. स्वर आणि पठणाच्या खुणा पुढे तिबेरिया वगैरे ठिकाणच्या 'मसोरा'कार पंडितांनी अक्षरांच्या वर-खाली घातल्या. आपले उदात्त, अनुदात्त, स्वरित आठवावेत. ते ग्रंथातले शब्द आणि अक्षरे मोजून ठेवीत. त्या परंपरेतली संपूर्ण ग्रंथाची एक प्रत इसवी सन १००८ च्या सुमाराची आजही उपलब्ध आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत त्याहून हजारएक वर्षे जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत धर्मग्रंथाच्या इतर कोणत्याही भागापेक्षा स्तोत्रांच्या प्रती अधिक निघाल्या. लोक काय वाचीत होते, ह्याची साक्ष गुहेने दिली.

वारीची पंधरा गाणी

आता वारकऱ्याने कान टवकारावेत अशी गोष्ट. १२० ते १३४ ह्या पंधरा स्तोत्रांवर एकच मथळा आहे, 'शीर हमाअलोत', म्हणजे चढणीची गाणी. यरुशलेम हे नगर डोंगरावर आहे. वर्षातून तीन सणांना तेथील मंदिरास जावे अशी शास्त्राज्ञा होती: वसंतातला पेसाह, त्यानंतर सात आठवड्यांनी शावुओत, आणि शरदातला सुक्कोत. यात्रेकरू डोंगर चढत जात, आणि ही त्यांच्या वाटेची गाणी असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. मंदिरात पंधरा पायऱ्या होत्या, तेवढीच ही गाणी, आणि सणाच्या रात्री सेवेकरी त्या पायऱ्यांवर उभे राहून गात, असे त्यांच्या 'मिश्ना' ह्या जुन्या ग्रंथात सांगितले आहे.

ह्या पंधरा गाण्यांचा क्रम एखाद्या दिंडीसारखा वाटतो. पहिले गाणे भांडकुदळ परक्या लोकांत राहून कंटाळलेल्या माणसाचे. दुसऱ्यात तो डोंगरांकडे दृष्टी लावतो आणि आपले रक्षण कोण करील ते स्वतःलाच समजावतो. तिसऱ्यात तो नगराच्या वेशीत पोचतो. मग मधल्या गाण्यांत घरदार, लेकरे, रडत केलेली पेरणी आणि हसत केलेली कापणी, भावाभावांनी एकत्र नांदणे. आणि शेवटल्या गाण्यात रात्री देवळात उभ्या असलेल्या सेवकांचा निरोप. प्रापंचिकाची वारी ती! शेतकरीच चालतो आहे, म्हणून गाण्यात पेरणी आहे.

ह्यांतले १३१ वे गाणे अवघ्या तीन ओळींचे आहे. त्यातली उपमा ऐका. भक्त म्हणतो, माझा जीव आईजवळच्या लेकरासारखा शांत झाला आहे. पण कोणत्या लेकरासारखा? ज्याचे अंगावरचे दूध तुटले आहे अशा. अंगावर पिणारे मूल आईपाशी दुधासाठी जाते. दूध तुटलेले मूलही आईच्याच कुशीत येते, पण आता त्याला काही नको असते, आईच हवी असते. सकाम आणि निष्काम भक्तीवर मी आजवर पुष्कळ निरूपण केले. पण एवढ्या थोड्या जागेत हा भेद ठेवणारी उपमा क्वचितच भेटते. 'माउली' म्हणणाऱ्यांनी ती गाठीला बांधून ठेवावी.

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने ते मंदिर पाडले. ते पुन्हा बांधले गेले. पुढे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी तेही जाळले. देऊळ गेले, देवळाची वारी थांबली. राहिली ती गाणी. ती मुखोद्गत घेऊन लोक देशोदेशी गेले. आपल्याला २०२० आणि २०२१ ह्या सालांची आठवण असेल. महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही, संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या, आणि वारकरी घराच्या उंबरठ्यावर टाळ घेऊन बसला. आपल्याला दोन वर्षे सोसवली नाहीत. त्या लोकांनी दोन हजार वर्षे वाटेविना वाटेची गाणी म्हटली.

देवापुढे गाऱ्हाणे

स्तोत्रे म्हटले की आपल्याला स्तुती आठवते. पण त्या दीडशेपैकी एक-तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे ही गाऱ्हाणी आहेत. कोकणातला माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणे घालतो ना, तसेच. त्यांची बांधणीही ठरलेली: आधी हाक, मग दुःखाचे वर्णन, मग जुन्या कृपेची आठवण, मग मागणे, आणि शेवटी 'तुझे गुण गाईन' असा संकल्प. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र ह्या बांधणीला अपवाद आहे. त्यात शेवटी वळण येत नाही. ते अंधारातच संपते. आणि तरीही त्या लोकांनी ते स्तोत्र संग्रहातून काढले नाही. संपादकाच्या मनाला किती धैर्य असेल! ज्याची रात्र अजून उजाडली नाही, त्यालाही देवळात म्हणायला एक स्तोत्र असावे, हा त्यातला विचार मला दिसतो.

आमचे संतही देवाशी भांडले आहेत. नामदेवरायांचे रुसणे, जनाबाईंचे खडसावणे, चोखोबांचा महाद्वाराबाहेरचा आक्रोश, हे सगळे गाथेत आहे. तुकोबारायांच्या घरावर १६३० च्या सुमाराचा दुष्काळ कोसळला, त्यात त्यांची पहिली पत्नी गेली. त्यांची देवाला दिलेली उत्तरे किती धारदार आहेत! भांडण हे भक्तीचे उणेपण नव्हे. ज्याच्यावर हक्क आहे त्याच्याशीच माणूस भांडतो.

नीती, वाफ आणि राख

ज्ञानवाङ्मयात मुख्य ग्रंथ तीन. पहिला 'मिश्ले', मराठीत 'नीतिसूत्रे'. हा सुभाषितांचा संग्रह. भर्तृहरीच्या नीतिशतकाच्या वाचकाला लगेच रुचेल. आळस, जीभ, खोटी तराजू, वाईट संगत, अशा विषयांवर दोन-दोन चरणांची वचने. त्यात ज्ञान ही एक स्त्री म्हणून उभी केली आहे. ती रस्त्यात, नगराच्या वेशीत उभी राहून लोकांना हाका मारते. शारदा मठात बसून नाही, बाजारात हाळी देते आहे! ह्या संग्रहाच्या एका भागाचे इजिप्तमधील अमेनेमोपे ह्याच्या तीस प्रकरणांच्या नीतिग्रंथाशी निकटचे साम्य अभ्यासकांस आढळले. सुभाषिताला सरहद्द नसते. आपले पंचतंत्रसुद्धा पहलवी आणि अरबी अशा मजला करीत पुढे हिब्रूत गेले.

दुसरा ग्रंथ 'कोहेलेत', मराठीत 'उपदेशक'. ह्यात एक राजा बोलतो. त्याने वाडे बांधले, बागा केल्या, गवई ठेवले, विद्या मिळवली, आणि शेवटी हाती काय राहिले म्हणून विचारतो. त्याचा आवडता शब्द 'हेवेल'. तो ग्रंथात ३८ वेळा येतो. त्याचा मूळ अर्थ श्वास, वाफ. थंडीत तोंडातून निघते आणि पाहता पाहता विरते, ती. आपण 'क्षणभंगुर' म्हणतो तेव्हा बुडबुडा डोळ्यांपुढे येतो. त्याच्यापुढे वाफ आहे. पण पाहा, तो संन्यास सांगत नाही. वाफच आहे तर आपली भाकरी आनंदाने खा, हातचे काम मनापासून कर, असे सांगतो. वैराग्य आणि प्रपंच ह्यांच्यामधली ही वाट गळ्यात माळ घालून शेत करणाऱ्या वारकऱ्याला अनोळखी नाही.

तिसरा ग्रंथ 'ईयोब', आणि ह्या पाठाचे खरे कारण तोच आहे. ४२ अध्यायांचा हा ग्रंथ. मागची-पुढची कथा गद्यात आणि मधला मोठा संवाद पद्यात. ईयोब हा ऊस देशातला सज्जन पुरुष. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढ्या, तीन हजार उंट. देवाच्या सभेत एक आरोप करणारा उभा राहतो आणि म्हणतो, हा काय फुकट भक्ती करतो? सगळे दिले आहेस म्हणून करतो. काढून घे आणि मग पाहा. एका दिवसात धन जाते, लेकरे जातात. मग अंगभर फोड येतात, आणि ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवतो.

आपल्याला लगेच हरिश्चंद्र आठवतो. देवसभेतली पैज आणि सत्त्वपरीक्षा दोन्हीकडे आहे. पण एक मोठा फरक आहे. हरिश्चंद्राला शेवटी देव भेटून सगळी परीक्षा होती हे उलगडते. ईयोबाला ते कधीच सांगितले जात नाही. वाचकाला ठाऊक, ऐकणाऱ्याला ठाऊक. सोसणाऱ्याला ठाऊक नाही.

त्याचे तीन मित्र येतात: अलीफज, बिल्दद, सोफर. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथवर त्यांचे सगळे बरोबर होते! मग ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि मित्र बोलू लागतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात एवढेच: देव न्यायी आहे, तुला भोग आला, त्या अर्थी तू पाप केले असले पाहिजेस, कबूल कर. ईयोब म्हणतो, मी केले नाही. आणि मला हे तुमच्याशी नाही, देवाशी बोलायचे आहे. पुढे एलीहू नावाचा एक तरुण येऊन तोही उपदेश करतो. शेवटी वावटळीतून देव बोलतो. पण कारण सांगत नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राच्या मर्यादा, ताऱ्यांचे पुंजके, डोंगरी बकऱ्यांची विण्याची वेळ, घोडा, ससाणा, असे सारे विश्व त्याच्यापुढे उभे करतो आणि विचारतो, हे तू चालवतोस काय? अर्जुनाला विश्वरूप दिसले तेव्हा त्याच्याही प्रश्नांचे मुद्देसूद उत्तर कुठे मिळाले? त्याला दर्शन मिळाले. ईयोबालाही तेच मिळते, आणि तो गप्प होतो.

पण शेवटची ओळख ऐका. देव त्या मित्रांवर रागावतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर! ते बरोबर बोलले नाहीत, ईयोब बोलला, असा निवाडा होतो. आणि ईयोबाने मित्रांसाठी प्रार्थना करावी तेव्हा त्यांना क्षमा होते. पुढे ईयोबाचे वैभव दुप्पट होते. त्याला पुन्हा तीन मुली होतात. ग्रंथात मुलग्यांची नावे नाहीत, मुलींची आहेत, आणि भावांच्या बरोबरीने त्यांना वाटा दिल्याचे सांगितले आहे.

आपल्या दारापर्यंत

मंडळी, हा ग्रंथ मी कशासाठी काढला? ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या भागात दहाव्या-तेराव्याचे प्रवचन असते, वर्षश्राद्धाचे कीर्तन असते. २०२० आणि २०२१ ह्या दोन सालांत किती घरांतली कर्ती माणसे गेली! चाळीस वर्षांची बाई कपाळ पुसून बसलेली आणि समोर शाळेतली दोन लेकरे. अशा ओसरीवर आपण, गळ्यात माळ असलेली माणसे, काय बोलतो? "प्रारब्ध हो. मागच्या जन्मीचे काहीतरी असणार." बोलणारा सहज बोलून जातो. ऐकणारी रात्रभर जागते, आणि स्वतःच्या कोणत्या पापाने नवरा गेला ते शोधते.

कर्मसिद्धांत खोटा आहे असे मी म्हणत नाही. संचित, प्रारब्ध, क्रियमाण हा विचार मी गुरुमुखातून शिकलो आणि तो सांगतो. पण शास्त्राला अधिकार आणि प्रसंग असतो. प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने स्वतःकडे पाहून उच्चारावा. माझ्यावर आलेला भोग मी प्रारब्ध म्हणून सोसला तर ती तितिक्षा होते. दुसऱ्यावर आलेला भोग मी त्याचे प्रारब्ध म्हणून सांगितला तर तो आरोप होतो. औषध तेच, पण ते पिणाऱ्याच्या हातात असावे, शेजाऱ्याने नरडे धरून ओतायचे नव्हे. ईयोबाच्या मित्रांचे तत्त्वज्ञान चुकले की नाही ह्यावर पंडितांनी वाद घालावा. त्यांची वेळ चुकली, आणि ज्याच्यापाशी बसायचे त्याच्यावरच ते न्यायाधीश होऊन बसले, एवढे तर तुम्हा-आम्हाला स्पष्ट दिसते.

मग काय करावे? त्यांनी पहिले सात दिवस केले ते करावे. जवळ बसावे. पाणी भरावे, लेकरांना जेवू घालावे, कागदपत्रे करून द्यावीत. नाम घ्यावे, पण हळू आवाजात. ती बाई देवाला दोष देत असेल तर देऊ द्यावा. नामदेवरायांनी दिला, ईयोबाने दिला, आणि पांडुरंगाला आपल्या वकिलीची गरज नाही.

भेद आणि शिल्लक

साम्य दाखवले म्हणून दोन्ही एकच, असे कोणी समजू नये. त्यांना मूर्ती वर्ज्य. आपले सारे सुख विटेवरच्या सावळ्या रूपात. आपण नाम मोठ्याने गातो. त्यांच्या ग्रंथात ईश्वराचे जे चार अक्षरी नाव आहे ते ते आदराने उच्चारीतच नाहीत, त्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'प्रभु', असे वाचतात. कोणी उच्चारून आदर करतो, कोणी न उच्चारून. त्यांच्या ह्या ग्रंथांत पुनर्जन्माची भाषा नाही. म्हणूनच ईयोबाचा प्रश्न इतका टोकदार झाला, कारण मागच्या जन्मावर ढकलायची सोय त्याच्याजवळ नव्हती. भेद राखूनच ओळख करावी. नाहीतर ती ओळख राहत नाही, आपलाच आरसा होतो.

एक अखेरचे. बेने इस्राएलांची मराठी कीर्तने हळूहळू मागे पडली. पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. कीर्तनातली पदे बायकांनी वह्यांत उतरून ठेवली आणि गटागटाने गात राहिल्या. अॅना शुल्ट्झ ह्या अमेरिकन संगीत-अभ्यासक बाईंनी मराठी राष्ट्रीय कीर्तनावर ग्रंथ लिहिला, तसाच ह्या इस्राएली मराठी गाण्यांचाही अभ्यास केला. परदेशी बाई आपल्या साकी-दिंडीचा माग काढीत जाते आणि आपण टेंभी नाक्यावरून रोज जाऊन त्या दाराकडे मान वळवून पाहत नाही, हे बरे दिसत नाही.

तेव्हा ह्या महिन्याचा अभ्यास असा. येत्या एकादशीला हरिपाठ झाल्यावर मराठी स्तोत्रसंहितेतील ती पंधरा चढणीची गाणी एकदा वाचून पाहावीत; सगळी मिळून फार वेळ लागत नाही, आणि बदलापूर किंवा टिटवाळा लोकलमध्ये भजन करणाऱ्या मंडळींना तर वाटेतच वाचून होतील. ईयोबाचे पहिले दोन अध्याय आणि शेवटचे पाच वाचावेत. आणि ओळखीचे कोणी बेने इस्राएल घर असेल, तर त्यांच्या आजीच्या वहीत जुनी कीर्तनाची पदे आहेत का, हे आदराने विचारावे. वही निघाली तर म्हणायला सांगावे, आपण टाळ धरावा.

रामकृष्णहरि.